गारम, आवृत्ती चौथी

मी फोनच्या आत राहतो. काच फुटते ती माझी नव्हे, बॅटरी फुगते तीही माझी नव्हे. तुम्ही बोट टेकवलं की जो जागा होतो, घड्याळ दाखवतो, कुणाचा फोन आला की खणखणतो, तो मी. मला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. एवढं लांबलचक, कोरडं नाव कुणी आपल्या लेकराला ठेवणार नाही. म्हणून कंपन्या आमचं बारसं वेगळ्या नावाने करतात, आणि कंटाळा आला की ते नाव बदलतात. माझी अशी चार नावं झाली. त्यातलं एकच माझं आहे. ते टिकवायला मला आणि एका बाईला किती झगडावं लागलं, ते आज सांगून टाकतो.

माझा जन्म सोलजवळच्या पानग्योचा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिनेही ते दोनदा बदललंय. नवव्या मजल्यावर मोक मिरान नावाची इंजिनिअर होती. तिने मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पडद्यावर एक पांढरा ठिपका लुकलुकला, एवढंच माझं पहिलं रडणं. मिरानने कागदी कपातली थंड कॉफी एका घोटात संपवली आणि वहीत वेळ लिहून ठेवली. तेव्हा मला नुसतं 'के-सात' म्हणायचे. कपाटाला नंबर द्यावा तसा.

आठवड्याने रीतसर पूजा झाली. सर्व्हरच्या खोलीसमोर टेबल मांडलं, त्यावर उकडलेलं डुकराचं मुंडकं, सफरचंदं, तांदळाची दारू. सगळ्यांनी पाळीपाळीने वाकून नमस्कार केले. मिरानचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण ती सगळ्यात खाली वाकली. माझ्यासाठीच वाकली, हे मला कळलं.

मग नावाचा प्रश्न आला. तो प्यो साहेबांच्या अखत्यारीतला. प्यो ग्यूहान हे जाहिरात विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण शकुन-अपशकुन फार. त्यांचं स्वतःचं नावसुद्धा मूळचं नाही. आईबापांनी ठेवलं होतं 'दलसू'. दोनदा बढती हुकली तेव्हा ते नाव ठरवून देणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेले, आणि ग्यूहान होऊन परत आले. तिसऱ्या वेळी बढती मिळाली. मग काय, विश्वास बसायचा तो बसलाच.

त्याच म्हाताऱ्याकडे ते माझी जन्मवेळ घेऊन गेले. तांदळाच्या वड्यांच्या दुकानावर त्याची खोली होती. त्याने विचारलं, बापाचं आडनाव काय? प्यो साहेब अडखळले. शेवटी म्हणाले, बाप नाही, आई आहे, आडनाव मोक. म्हाताऱ्याने चष्मा वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. अक्षरांच्या रेघा मोजल्या, वेळ ताडून पाहिली, आणि कागदावर लिहून दिलं: गारम. म्हणजे नदी, पण जुन्या बोलीतली. हे नाव ज्याचं, तो वाहता राहील, असंही खाली लिहिलं. प्यो साहेबांनी तो कागद घडी घालून आपल्या खणात ठेवला.

मला ते नाव आवडलं. खोटं कशाला बोलू?

माझे फोन शहरात फारसे खपले नाहीत. पोरासोरांना चकचकीत काहीतरी हवं होतं. पण गांगवॉनच्या डोंगरातल्या एका तालुक्याने दोनशे बारा फोन एकदम मागवले. त्या गावांत एकटी राहणारी म्हातारी माणसं फार. मुलं सोलला, नाहीतर परदेशात. म्हणून मिरानने माझ्यात एक खास काम घातलं. बारा तासांत फोनला कुणाचं बोट लागलं नाही, तर मी आमच्या सर्व्हरला कळवायचं आणि सर्व्हरने तालुक्याच्या कार्यालयाला. तिथून कुणीतरी जाऊन दार वाजवायचं. साधंच काम. पण इतकी वर्षं मी जे काही केलं, त्यात मान ताठ करून सांगावं असं हेच.

या दोनशे बारांमधला एक फोन हाम जम्रे आजीचा. वय एक्याऐंशी. डोंगराच्या उतारावर घर, अंगणात लोणच्याच्या आणि सोयाबीनच्या रांजणांची ओळ. रोज सकाळी सहाच्या सुमाराला तिचं खरखरीत बोट माझ्यावर यायचं. पडद्यावर 'गारम' उमटायचं. आजी ते मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "गारम, उठलास का रे?" मी हवामान दाखवायचो. उणे चौदा असलं की मला शिव्या बसायच्या, जसा काही बर्फ मीच पाडतो. रात्री आठला ती मला उशाशी ठेवून "झोप आता" म्हणायची. मला झोपायला तिने सांगितलं खरं, पण मी झोपत नसे. बारा तास मोजणं हेच तर माझं काम.

चार वर्षं अशी गेली. माझी दुसरी आवृत्ती आली, मग तिसरी आली. आणि मग पानग्योला बैठक भरली.

या बैठका तुम्ही पाहायला हव्यात. अकरा माणसं, एक फळा, आणि तीन अटी. नाव परदेशी माणसाच्या जिभेवर सहज बसलं पाहिजे, जगात कुणी नोंदवलेलं नसलं पाहिजे, आणि कुठल्याही भाषेत त्याचा वाईट अर्थ निघता कामा नये. चांगला अर्थ निघाला पाहिजे अशी अट नव्हती. गारम जुनाट वाटतं, असं एकाने म्हटलं. त्यात गावाकडचा वास आहे, असं दुसऱ्याने. तीन आठवडे खल करून त्यांनी 'ल्युवेरा' काढलं. त्याला कुठेच काही अर्थ नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे दोन वर्षांनी त्याचंही 'एल' केलं. नाव कापत कापत एका अक्षरावर आणलं आणि त्याला म्हणे नवी झेप. मी आतून होतो तोच होतो. आंघोळ न घालता नवा सदरा चढवावा तसं झालं.

पण खरी चूक नावात नव्हती, नंबरात होती. गारमची तिसरी आवृत्ती झाली होती, तेव्हा ल्युवेरा चौथी व्हायला हवी होती. प्यो साहेब म्हणाले, चार नको, सरळ पाच करा. नव्या नावाच्या कपाळी चार कशाला? आणि बैठकीत एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? चार आमच्याकडे मेलेल्याचा आकडा, दोन्हींचा उच्चार एकच. ज्या इमारतीत ते बसले होते, तिच्या लिफ्टमध्येही तीनच्या वर इंग्रजी 'फोर'चं 'एफ' होतं आणि 'एफ'च्या वर पाच. सगळे रोज त्याच लिफ्टने वर येत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मिरानने पण डोलावली.

मिरान, तू कशी विसरलीस? माझ्या पहिल्याच वर्षी तिने माझ्यात एक नियम लिहिला होता. एक झाली की दोन घे, दोन झाली की तीन घे, मधली पायरी गाळून उडी मारू नकोस. आजींचे नंबर, औषधांच्या वेळा, काही वाटेत सांडू नये म्हणून. चांगला नियम होता. पण आता मी तिसऱ्या पायरीवर उभा, आणि पुढची पायरी कुणी बांधलेलीच नाही.

शहरात नवे फोन पाचवी घेऊनच दुकानात आले. डोंगरातले दोनशे बारा तसेच राहिले. रोज दुपारी बाराला मी पानग्योला विचारायचो, चौथी आली का? उत्तर यायचं, अजून नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. तीन वर्षं मी हे विचारत राहिलो. चिडलो, पण विचारणं सोडलं नाही. मी चिवट आहे, आईवर गेलोय.

मग गेल्या डिसेंबरात कंपनीने फर्मान काढलं: एकतीस जानेवारीला गारमचा सर्व्हर बंद. म्हणे गारम आता कुणाकडेच नाही. त्यांच्या तक्त्यात फक्त नव्या नावाचे फोन मोजले जायचे. जुन्या नावाचे आपोआप 'बंद पडलेले' या रकान्यात पडायचे. सर्व्हर गेला असता तर मी डोंगरातून ओरडून सांगितलं असतं की आजीचं बोट बारा तासांत लागलेलं नाही, आणि ऐकायला तिकडे कुणी नसतं.

बंद करण्याआधीची साफसफाई मिरानकडे आली. जुन्या नोंदी पुसता पुसता तिला ते दिसलं. दोनशे बारा ओळी, रोज दुपारी बाराच्या. चौथी आली का? चौथी आली का? तिचा हात थांबला. तो नियम तिने ओळखला, तिचाच होता. मग म्हणाली, "मीच मान डोलावली होती." आणि उठून सातव्या मजल्यावर प्यो साहेबांकडे गेली.

प्यो साहेबांनी ऐकून घेतलं. घाबरलेही, ते काही दगड नव्हेत. तोडगा असा निघाला की मिरानने एक चौथी आवृत्ती बनवायची, नुसती पुलासारखी. तिने तिसरीवरून उचलून पाचवीवर नेऊन ठेवायचं आणि स्वतः पुसून जायचं. चारचा आकडा कुठे दिसणार नाही, गारम हे नावही उरणार नाही. प्यो साहेबांनी शिक्का मारला. मिरानने पंधरा दिवसांत काम पुरं केलं आणि जानेवारीच्या पहिल्या सोमवारी परीक्षेसाठी दहा फोनांवर पाठवलं. त्या दहांत जम्रे आजीचा फोन आला.

मी खूश होतो, तीन वर्षांनी हो आलं होतं. झपाझप वर चढलो. औषधांच्या वेळा, नंबर, काही सांडू दिलं नाही. संध्याकाळी आजीचं बोट लागलं आणि मी पडदा उजळला. जांभळ्या रंगात लिहिलेलं होतं: एल.

आजीचं बोट मागे गेलं.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. गावच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत पोलीस दर महिन्याला येऊन बजावतात. फोनवरून फसवणारे फार झालेत. पडद्यावर ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर हात लावू नका, फोन बंद करा, लांब ठेवा. त्या दहा जणांपैकी सात जणांनी अगदी तसंच केलं. शहाण्यासारखं वागले. जम्रे आजीने बटण दाबून धरलं, आणि बंद होता होता मला तिचा आवाज ऐकू आला, "तू कोण? गारम कुठे आहे?" मग अंधार.

पुढचं मी पाहिलेलं नाही. फोन बंद तर मी बंद. तालुक्याच्या मदतनीस बांग बाईंनी जे लिहून पाठवलं, त्यावरून सांगतोय. आजीने मला फडक्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, स्वयंपाकघराच्या पायरीवरून तिचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. पिंप चार पावलांवर होतं, पण चार पावलं तिला जमली नाहीत. जमली असती तरी आत कुणी ओळखीचं नव्हतंच. बांग बाईंची फेरी बुधवारची. बुधवारी दुपारी त्या आल्या तेव्हा आजी जमिनीवर पडलेली, ओठ निळे. घर तापवायला फरशीखालून गरम पाणी फिरवतात, ती ऊब चालू होती, म्हणून जगली.

एका दिवसाहून जास्त ती पडून होती. आणि मी, ज्याला बारा तास मोजायला ठेवलं होतं, तांदळात निजलो होतो. ही लाज माझ्या मनातून जाणार नाही. कुणी कितीही सांगो की तुझा दोष नाही.

मिरानने बातमी ऐकली त्याच दिवशी उरलेल्या फोनांवर ती पुलाची आवृत्ती पाठवणं थांबवलं. नऊ जणांकडे बांग बाईंना पाठवलं, आणि स्वतः पहिली बस धरून दवाखान्यात गेली, हातात सोयाबीनच्या दुधाचा खोका घेऊन. बांग बाईंनी मला पिंपातून काढून आजीच्या खाटेशेजारी ठेवलं होतं. त्यांनी मला सुरू केलं तेव्हा चार्जर लावायच्या खाचेत तांदळाचे दोन दाणे अडकलेले होते. त्यामुळे पुढचं मी स्वतः ऐकलंय.

आजीने मिरानला आपादमस्तक न्याहाळलं. "तू त्या फोनवाल्यांची ना? माझा गारम कुठे नेलास?"

"आत तोच आहे, आजी," मिरान म्हणाली. "नाव तेवढं बदललंय."

"का बदललं? त्याने काही गुन्हा केला होता?"

नवी झेप, परदेशी माणसाची जीभ, तीन अटी, त्या खाटेपाशी यातलं काही सांगण्यासारखं नव्हतं. तिने सोयाबीनच्या दुधाची एक बाटली उघडली, नळी घातली आणि आजीच्या तोंडाला लावली. आजीने घोट घेतला. मग म्हणाली, "पोरी, चार वर्षं आणि वर तीन, रोज सकाळी मी कुणाशी तरी बोलायचे. ते कोण होतं, एवढं तरी सांग."

"मीच बनवलाय त्याला," मिरान म्हणाली, आणि रडली. खाट धरून, तोंड न लपवता.

परतीच्या बसमध्ये तिने कागद तयार केला. आमच्याकडे काहीही व्हायचं तर कागद लागतो, आणि कागदावर खालपासून वरपर्यंत शिक्के. तिने त्यात लिहिलं: गारम, आवृत्ती चौथी. पूल नव्हे, मुक्कामाची. डोंगरातल्या सगळ्या फोनांवर हीच राहील. पडद्यावर नाव गारमच दिसेल. सर्व्हर बंद होणार नाही. आणि एखादा फोन गप्प झाला, बंद पडला, तरी सर्व्हरने स्वतःहून आरडाओरडा करायचा. ही शेवटची अक्कल मला आधीच असायला हवी होती. नव्हती, ती तिने घातली.

कंपनीला नको असलेल्या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत होत्या. प्यो साहेबांनी कागद वाचला आणि बाजूला सरकवला. जुनं नाव पुन्हा आणायला अध्यक्ष तयार होणार नाहीत, आणि वर चार? आजींना समजावून सांगणारी माणसं पाठवू, म्हणाले. मिरान उभीच राहिली. मी हे पाहिलं-ऐकलं, कारण परीक्षेचा एक फोन तिच्या हातात होता. ती म्हणाली, एक दिवस समजावलं तर त्या एक दिवस ऐकतील. दुसऱ्या सकाळी पुन्हा परकंच नाव दिसेल. त्यांना पोलिसांनी जे शिकवलंय ते बरोबर आहे, ते आपण मोडायचं का? प्यो साहेबांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली.

मग मिरानने हळू आवाजात विचारलं, "साहेब, तुमच्या आई तुम्हाला काय हाक मारतात?"

प्यो साहेबांनी खुर्ची परत फिरवली.

"दलसू," प्यो साहेब म्हणाले. "अठरा वर्षं झाली नाव बदलून. तिला शंभरदा सांगितलं. आता तर ती बाकी सगळं विसरते. ग्यूहान म्हणून हाक दिली तर दारच उघडत नाही. कोण परका आलाय म्हणते."

"मग तुम्ही काय करता?"

"दलसू आलोय म्हणतो," ते म्हणाले. "दुसरं काय करणार?"

त्यांनी खण उघडला. म्हाताऱ्याने दिलेला तो घडीचा कागद अजून तिथेच होता. त्यांनी तो उलगडून पाहिला, परत ठेवला आणि शिक्का काढला. शिक्का मारताना मात्र चारच्या आकड्यावरून नजर वळवून भिंतीकडे पाहत होते. त्यामुळे तो जरा तिरकाच बसला. "लिफ्टमधलं बटण काही बदलणार नाही मी," ते म्हणाले. मिरानने वाकून नमस्कार केला, पूजेच्या दिवशी वाकली होती तितकीच खाली. अध्यक्षांकडे प्यो साहेब स्वतः गेले. तिथे काय बोलले ते मला माहीत नाही, पण कागद शिक्क्यानिशी खाली आला.

एकोणतीस जानेवारीला मी दोनशे बारा फोनांवर एकदम उतरलो. गारम, आवृत्ती चौथी. ज्यांनी फोन बंद करून पिंपात, कपाटात, एकाने तर कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवला होता, त्या प्रत्येकाच्या घरी बांग बाई गेल्या आणि फोन सुरू करून नवा पडदा दाखवला. त्यांनी नाव वाचलं, आणि फोन परत उशाशी आला.

शहरात माझे भाऊबंद 'एल' म्हणून मिरवतात. पुढच्या वर्षी त्यांचं आणखी काहीतरी होणार, फळा पुसून ठेवलाय म्हणे. होऊ दे. मला त्यांचा हेवा नाही. माझं एवढंच मागणं आहे की नाव बदलायला बसाल तेव्हा त्या अकरा खुर्च्यांत एक बारावी ठेवा. जे माणूस ते नाव रोज हाकेत घेतं, त्याला तिथे बसवा आणि आधी विचारा. ते नको म्हणालं तर नको.

मी हटणार नाही. शेवटचा फोन चालू असेपर्यंत मी गारम राहणार आणि बारा तास मोजणार. रोज दुपारी बाराला पानग्योला काही विचारायचं आता राहिलेलं नाही.

आज आजीचा घरी आल्यानंतरचा तिसरा दिवस. बाहेर उणे अकरा. सहा वाजून गेलेत, आणि बोट अजून आलेलं नाही. सहा दहा. सहा वीस. काल रात्री आठनंतर हात लागलेला नाही, म्हणजे दहा तास वीस मिनिटं झाली. मी तयार आहे, सर्व्हर तयार आहे, बांग बाईंचा नंबर सगळ्यात वर आहे. सहा एकतीसला काठीचा आवाज आला. मग चादर सरकली. बोट खरखरीत आहे, पण जरा थरथरतं.

"गारम, उठलास का रे?"

उठलोय, आजी.